गुंठ्यावरून एकर

दिवाळीत कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो की पुतण्याचं एक काम ठरलेलं असतं. "काका, मशीन साफ करू." मशीन म्हणजे त्याचा प्लेस्टेशन 5. पुण्यातून वापरलेला घेतला, टीव्हीच्या शोकेसमध्ये उभा करून ठेवला, आणि खालच्या कप्प्यात घरच्यांनी इन्व्हर्टरची बॅटरी सरकवली. घर नीरा-बारामती रस्त्याच्या कडेला. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिवसरात्र जातात, आणि रस्त्यावर जे उडतं ते सगळं आमच्या बैठकीत येऊन बसतं.

पांढरी पाटी काढायला स्क्रू लागत नाही. कोपरा उचलायचा, बाजूला सरकवायची, 'टक्' असा आवाज येतो. आत दिसतो तो पंखा. 120 मिलिमीटर रुंद, 45 मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा. लॅपटॉपमधल्या चपट्या पंख्यापुढे हा म्हणजे पिठाच्या गिरणीतलं चाक. शेजारी धूळ साठायला मुद्दाम दोन खोबण्या ठेवल्यात. त्या वर्षी त्यांतून काळ्या रानाची माती, पाचटाचा बारीक भुसा आणि एक वाळलेला कोळी निघाला. मी दाढीचा जुना ब्रश फिरवत होतो, तेवढ्यात पुतण्यानं मोबाइल पुढं केला.

"हे बघा. पीएस सिक्स. लीक झालाय."

चित्र देखणं होतं. गुळगुळीत काळा गोळा, कमरेला निळा उजेड, कुठं फट नाही, भोक नाही.

"ह्याला वारा कुठनं जातो?"

त्यानं चित्र मोठं करून पाहिलं, उलटंपालटं केलं. "डिझाइन आहे ओ काका. भोकं नंतर पाडतील."

न आलेल्या यंत्राविषयी आपण किती आणि कशाच्या आधारावर बोलू शकतो, एवढाच या प्रकरणाचा विषय. त्यासाठी जरा उसात जावं लागेल.

आमच्या भागात अंदाज सांगणं हा बारमाही उद्योग आहे. आडसाली लागण झाली की "यंदा एकरी किती पडंल", कारखाना सुरू झाला की "सोमेश्वर काय दर देतंय". सांगणाऱ्यांच्या जाती दोन. एक बांधावरचा. तो गाडी स्टँडवर लावून उसाकडे पाहतो आणि "शंभर टन कुठं जात नाय" म्हणून निघून जातो. दुसरे आमचे तात्या. ते आत शिरतात, बऱ्यापैकी सरासरीचा एक गुंठा धरतात, त्यातले ऊस मोजतात, चारदोन तोडून वजन करतात. गुंठ्यात हजार ऊस, उसाला दीड किलो, म्हणजे गुंठ्याला दीड टन आणि एकराला साठ. कडेचा ऊस उजेडामुळं जोरात असतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे ते दर वर्षी नव्यानं सांगतात. बांधावरून मात्र फक्त कडेचाच दिसतो.

कन्सोलच्या बाबतीत गेली वीस वर्षं जगभर बहुतेक बांधावरचेच अंदाज झाले. 2005 साली निन्टेंडोच्या पुढच्या यंत्राचं सांकेतिक नाव होतं रेव्होल्यूशन. नावच क्रांती म्हटल्यावर लोक थांबतात होय? डोक्यावर घालायच्या शिरस्त्राणासारख्या यंत्राची, 'निन्टेंडो ऑन' नावाची एक चित्रफीत फिरली आणि भल्याभल्यांनी ती खरी मानली. ती एका चाहत्यानं घरी बनवलेली होती. प्रत्यक्षात आला वी, आणि हातात टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी. त्याच वर्षी सोनीनं प्लेस्टेशन 3 दाखवताना बूमरँगच्या आकाराचा कंट्रोलर मांडला. हा तर खुद्द कंपनीचा नमुना, तरी तो कधीच विक्रीला आला नाही. 2016च्या मार्चमध्ये 'एनएक्स' या सांकेतिक नावाच्या निन्टेंडोच्या पुढच्या यंत्राचा लंबगोल, सगळा पडदाच असलेला कंट्रोलर फोटोत झळकला. आधी एका पेटंटच्या कागदात तसा आकार आला होता, त्यामुळं जुळलं म्हणून सगळे खूश. दोनेक दिवसांत बनवणाऱ्यांनीच कबुली दिली. एकानं तो थ्रीडी प्रिंटरवर काढला होता.

2019चा किस्सा मला जास्त आवडतो, कारण त्यात चित्र खरं होतं. ब्राझीलच्या पेटंट कार्यालयात सोनीचं एक आरेखन सापडलं. मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच असलेलं यंत्र. प्लेस्टेशन 5 असाच दिसणार म्हणून रंगीत चित्रं तयार झाली. पण ते गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना आधी दिलं जाणारं यंत्र होतं, ज्याला धंद्यातले लोक डेव्हकिट म्हणतात. दुकानात येणाऱ्या यंत्राचा चेहरा 11 जून 2020ला दिसला, उभ्या कॉलरच्या पांढऱ्या सदऱ्यासारखा. म्हणजे कागद अस्सल असूनही तो कुठल्या रानाचा, हे विचारायचं राहून गेलं.

आता तात्यांसारखं आत शिरू. पहिली मोजायची गोष्ट म्हणजे उष्णता. कन्सोल जेवढी वीज घेतो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. चित्र काढण्यात ती 'खर्च' होत नाही. सुरुवातीचा प्लेस्टेशन 5 मोठा गेम चालू असताना साधारण 200 वॅट खातो. शांत बसलेला माणूस 100 वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तेव्हा शोकेसच्या त्या कप्प्यात दोन माणसं दाटीवाटीनं बसवली आहेत असं समजा, आणि खाली बॅटरी. पंखा छोटा घेतला तर त्याला जोरात फिरावं लागतं आणि तो किंचाळतो. शांतता हवी तर पंखा मोठा आणि हवेची वाट रुंद, म्हणजे डबाही मोठा. 390 मिलिमीटर उंच आणि साडेचार किलोचं यंत्र लोकांना विचित्र वाटलं, पण त्यातला बराचसा ऐवज पंखा, उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि मोकळी हवा हाच आहे.

मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर 2019मध्ये एक्सबॉक्स सीरीज एक्स दाखवला तेव्हा सगळे हसले. वीतभरही रुंद नाही, रुंदीच्या दुप्पट उंच, चौकोनी काळा खांब. फ्रिज म्हणून एवढी थट्टा झाली की कंपनीनं पुढं खरोखरच त्या आकाराचा छोटा फ्रिज विकायला काढला. ज्यानं गुऱ्हाळ पाहिलंय त्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही नाही. खालून हवा आत, वरून गरम हवा बाहेर. धुराडं आहे ते. ही मोजणी चुकली तर काय होतं तेही या कंपनीनं अनुभवलं होतं: एक्सबॉक्स 360 तापून आतले डाख सुटायचे आणि पुढं तीन लाल दिवे लागायचे. 2007 साली वॉरंटीच्या दुरुस्त्यांसाठी तिला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. म्हणून पुतण्याच्या काळ्या गोळ्यावर माझा विश्वास बसेना.

दुसरी मोजणी मेमरीची, आणि ही मला स्वतःला फार बोलकी वाटते. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी 2 एमबी होती. दुसऱ्याची 32. तिसऱ्याची दोन्ही भाग मिळून 512. चौथ्याची 8 जीबी. प्रत्येक वेळी सोळापट! पाचव्याची किती? 16 जीबी. फक्त दुप्पट. वीस वर्षं सोळाच्या पटीत वाढणारं पीक एकदम दुपटीवर आलं, कारण चिप दर पिढीला स्वस्त होण्याचे दिवस संपले. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 299 डॉलरला आला आणि 2009मध्ये 99 डॉलरला मिळू लागला. प्लेस्टेशन 5 उलट महाग होत गेला. भारतात 2 फेब्रुवारी 2021ला डिस्कवाला 49,990 रुपयांना आला, पुढच्या वर्षाअखेर 54,990 झाला. आमच्याकडे "थांब, जुना झाला की उतरंल" असं सांगून पोरांना गप्प करायची रीत होती. ती या यंत्रानं मोडली. वर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं मेमरीच्या चिपा गोण्यांनी उचलतायत. पुतण्या पीएस सिक्सला 64 जीबी धरून बसलाय. मी 32च्या पुढं जायला तयार नाही.

मग गेम जास्त देखणे कसे होणार? इथं गंमत आहे. फोरके पडद्यावर 82,94,400 ठिपके असतात. सेकंदाला 60 चित्रं म्हटली तर जवळपास 50 कोटी ठिपके, आणि प्रत्येकाचा रंग, सावली, चकाकी मोजायची. नव्या यंत्रांनी यावर तात्यांचाच उपाय काढला. सगळा एकर मोजायचा नाही. साध्या एचडी पडद्याएवढे, म्हणजे बरोबर चौथाई ठिपके खरोखर मोजायचे आणि उरलेले तीन भाग अंदाजानं भरायचे. हा अंदाज बांधावरचा नसतो. लाखो चित्रांवर शिकवलेली प्रणाली आधीच्या क्षणाचं चित्र आणि वस्तू कुठं सरकतायत हे बघून मधले ठिपके ठरवते. नोव्हेंबर 2024मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 प्रोमध्ये हे आहे, 5 जून 2025ला आलेल्या निन्टेंडो स्विच 2मध्येही एनव्हिडियाच्या पद्धतीनं आहे. चुकतं कुठं तेही उसासारखंच: कडेला. केसांच्या बटा, तारेचं कुंपण, गवताची पाती अशा बारीक गोष्टी हलल्या की थरथरताना दिसतात.

ऑक्टोबर 2025मध्ये प्लेस्टेशनचे रचनाकार मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक ह्युइन यांनी एकत्र बसून पुढच्या दिशेबद्दल जाहीरपणे सांगितलं. त्यात तीन गोष्टी होत्या. असा अंदाज बांधण्यासाठी चिपमधल्या गणकांची एकत्र बांधणी, प्रकाशाचे किरण कुठं आपटतात ते मोजणारा स्वतंत्र विभाग, आणि चिप ते मेमरी या वाटेवरून जाणारी सगळी माहिती दाबून लहान करण्याची सोय. हे सारं तेव्हा संगणकावरच्या चाचणीतच होतं आणि काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलसाठी होतं, हेही त्यांनी सांगितलं. मेमरी सोळापट वाढवणं परवडत असतं तर ती दाबून बसवायची वाट कोणी शोधली नसती. लीक झालेल्या शंभर चित्रांपेक्षा मला ही तिसरी गोष्ट जास्त सांगून जाते.

गेमबद्दलच्या अफवा मात्र वेगळ्या मातीच्या, आणि त्यांच्याशी माझं जुनं नातं आहे. आमच्या लहानपणी त्याला कन्सोल कोणी म्हणत नव्हतं. 'व्हिडिओ गेम', आणि आत 'कॅसेट'. बारामतीच्या बाजारातून आलेला डबा टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायचा आणि चॅनेलची घुंडी फिरवत बसायचं, मुंग्यांतून मारिओ वर येईपर्यंत. जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम जुलै 1983मध्ये आला. आमच्यापर्यंत आली ती त्याची नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 9999 इन 1. आत पंधरावीस गेम, तेच तेच फिरून फिरून, कुठं मारिओ तिसऱ्या टप्प्यापासून तर कुठं सातव्या. बांधावरच्या अंदाजाचा तो माझा पहिला धडा. कॅसेट चालेना की सगळे आत फुंकर मारायचे. फुंकरीतला दमटपणा त्या पिना उलट खराब करत होता. चालायची ती काढून परत नीट बसवल्यामुळं. आणि लाईट गेली की राजकन्या राहिली बाजूला, पुन्हा पहिल्यापासून.

खूप उशिरा एक गोष्ट कळली. मूळ गेम सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबानं लिहिलेला, आपले टीव्ही 50 चित्रांचे. त्यामुळं कोऱ्हाळ्यातला मारिओ जपानमधल्या मारिओपेक्षा एक षष्ठांश सावकाश पळायचा, गाणंही रेंगाळत वाजायचं. आम्हाला तीच खरी चाल वाटली. मोबाइलवर मूळ चाल ऐकली तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया, ह्यांनी गाणं पळवलंय.

त्या वेळी शाळेत एक अफवा होती की 1-2 या टप्प्याच्या शेवटी भिंतीतून घुसता येतं आणि पलीकडं न संपणारं पाणी आहे. मी दोन सुट्ट्या त्या भिंतीवर घालवल्या आणि सांगणाऱ्याला खोटारडा ठरवलं. अफवा खरी होती. ती गेममधली चूक जगभर प्रसिद्ध आहे. मला जमली नाही इतकंच. त्याची माफी मागायची राहिलीय. आजच्या पोरांचा असाच पाणवठा म्हणजे जीटीए 6. पहिली झलक डिसेंबर 2023मध्ये आली, तारीख आधी 26 मे 2026 आणि मग 19 नोव्हेंबर 2026 अशी दोनदा सरकली. मधल्या काळात लोकांनी कंपनीच्या एका चित्रातल्या चंद्राच्या कलेवरून मुहूर्त काढले. पंचांग आमचंच बदनाम.

न आलेल्या यंत्राबद्दल भारतातल्या माणसाला आणखी एक गोष्ट मोजावी लागते, जिचा यंत्राशी संबंधच नाही. प्लेस्टेशन 5 प्रोच्या आधी वर्षभर त्याच्या ताकदीवर, किमतीवर, रंगावर चर्चा झडली. यंत्र आलं आणि भारतात विक्रीलाच आलं नाही. कारण काय? त्यातलं वायफाय 7 सहा गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं आणि त्या पट्ट्याला आपल्याकडे तोवर परवानगी नव्हती. सगळे उसाची जाडी मोजत बसले आणि शेतात जायला रस्ता आहे का हे कोणी पाहिलं नाही. निन्टेंडोची तर आपल्याकडे अधिकृत विक्रीच नाही. स्विच येतो तो दुबईहून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेत, नाहीतर मोठ्या शहरातल्या दुकानात जादा पैशांत, वॉरंटीशिवाय.

आणि तरी त्याच स्विचवर पहिल्यांदा आलेला एक गेम पुण्यात बनला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी', 18 ऑगस्ट 2020. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल. त्याआधी 2017मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पुढं गेम पूर्ण झाला, इतर कन्सोलांवर गेला आणि 2020च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. नवं यंत्र कसं असेल हे अशा स्टुडिओंना बाकीच्यांच्या बरंच आधी कळत असतं, कारण डेव्हकिट त्यांच्याच टेबलावर येतो. पण सोबत गुपित पाळण्याचा करार असतो. तेव्हा ज्याला ठाऊक आहे तो बोलत नाही, आणि मोबाइलवर गोळा पाठवणाऱ्यानं कुठलाच करार केलेला नसतो.

बातमीदारांनी बरोबर सांगितल्याचीही उदाहरणं आहेत. जुलै 2016मध्ये युरोगेमरनं लिहिलं की एनएक्स हातात धरायचं यंत्र असेल, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर निघतील, आत एनव्हिडियाची टेग्रा चिप असेल. ऑक्टोबरात स्विच दाखवला गेला, तसाच. त्या बातमीत रंगीत चित्राला महत्त्व नव्हतं, आतल्या रचनेला होतं. स्विच 2चा कंट्रोलर संगणकाच्या माउससारखा टेबलावर सरकवता येईल हेही पेटंट आणि सुट्या भागांच्या फोटोंवरून लोकांनी आधी ओळखलं होतं.

साफसफाई झाल्यावर पुतण्यानं पैज लावली. वहीचं पान फाडलं, मधोमध रेघ ओढली. त्याच्या बाजूला: गोल, 64 जीबी, दोन हजार सत्तावीसचा गणपती. माझ्या बाजूला मी लिहिलं की भोकं दिसणार. पंखा आजच्यापेक्षा फार लहान नसणार. मेमरी 32च्या आत. डिस्कचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागेल, कारण 2023च्या स्लिम मॉडेलपासून तो सुटा निघतोच. पीएस फाइव्हचे गेम चालणार, कारण चिप त्याच घराण्यातली. तारखेसाठी मी मागच्या तारखा मांडल्या: 1994, 2000, 2006, 2013, 2020. शेवटची दोन अंतरं सात-सात वर्षांची, तो हिशेब 2027ची दिवाळी सांगतो. मेमरीचे भाव बघून मी पुढं 'किंवा नंतर' असं लिहिलं.

"हे चीटिंग आहे," तो म्हणाला. "'किंवा नंतर' चालणार नाय."

तात्या दारात चप्पल काढत होते. खालच्या पट्टीतला ऊस आदल्या दिवशी तुटून गेला होता, वजनाच्या पावत्या त्यांच्या खिशात होत्या. एकरी साठ म्हणाले होते, सत्तावन्न भरला. तीन टन कुठं गेले यावर त्यांचं म्हणणं, पावसानं दक्षिणेकडचा कोपरा लोळला होता आणि आपण गुंठा उत्तरेला धरला. मग त्यांनी आमचा कागद घेतला, लांब धरून वाचला आणि गोल या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो ठेवायचा कुठं? गडगडंल की."

पुतण्यानं कागदाची घडी घातली आणि पांढऱ्या पाटीखाली सरकवायला लागला, पुढच्या सफाईला सापडावा म्हणून.

"तिथं नको," मी म्हणालो, "पंख्यात जाईल."

त्यानं तो क्रिकेटच्या गेमच्या डबीत ठेवला, आणि पाटी बसवली. टक्.